निकेलचं वाळवण

भाड्याची खोली बघायला येणारी माणसं आधी पाण्याचं विचारतात. नळ कधी येतो, टाकी केवढी, मोटार कोणाची. जळगावात हाच रिवाज आहे. भदाणे आला तो पाण्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. वरच्या खोलीत शिरला, भिंतीला तळहात लावला, कोपऱ्यात जाऊन नाकानं हुंगलं आणि मला म्हणाला, "अक्का, इथं ओल येते का?"

मी म्हटलं, "बाबा, वैशाखात इथं माणूस वाळून पापड होतो. ओल कुठून आणू तुझ्यासाठी?"

"नको, नको, आणू नका," तो घाबरून म्हणाला. "माझ्या मालाला ओल चालत नाही."

माणूस विचित्र होता हे तिथंच कळलं. पण तंबाखूचा वास येत नव्हता आणि चपला दाराबाहेर काढल्या होत्या, म्हणून ठेवून घेतला.

भदाणे मूळचा साक्रीकडचा. बायको तिकडे शाळेत शिकवायची. रविवारी हा जायचा नाहीतर ती यायची. आधी तो नरडाण्याला एका कारखान्यात होता. कपडे धुण्याच्या पावडरीत घालायची एक पांढरी भुकटी तिथं बनायची, तिला झिओलाईट म्हणतात. त्यात याची अर्धी नोकरी गेली. मग त्याच्या शेठनं जळगावच्या एमआयडीसीत एक लहान शेड घेतलं आणि सांगितलं, भदाणे, धुण्याची पावडर पुरे झाली, आता तेल शुद्ध करणाऱ्या रिफायनरीत लागते ती भुकटी करून दाखव. दूर समुद्राकाठच्या एका रिफायनरीनं नमुना तपासून बघायला हो म्हटलं होतं. नमुना पास झाला तर शेड चालणार. नापास झाला तर शेडला कुलूप आणि भदाणे पुन्हा धुण्याच्या पावडरीत.

हे सगळं तो पहिल्याच आठवड्यात मला सांगून मोकळा झाला. "अक्का, मन्ही एकच इच्छा शे. मन्हा हातना माल एक डाव खरी रिफायनरीमा जावाले पाह्यजे."

त्याच्या बोलण्याची एक तऱ्हा होती. एरवी तो चारचौघांसारखं बोलायचा. आनंद झाला की अहिराणीत घसरायचा. आणि मनाला लागलं की छापील पुस्तकासारखं शुद्ध बोलायला लागायचा. त्यामुळे त्याचं काय चाललंय ते ओळखायला तोंडाकडे बघावं लागायचं नाही. कान उघडे ठेवले की पुरे.

ती भुकटी काय करते हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं की मी चौथी शिकलेली बाई, मलाही पाठ झालं. दिसायला ती मैद्यासारखी. पण तिच्या कणाकणाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, सगळी एका मापाची. निकेल नावाच्या धातूचं हिरवं पाणी करायचं, त्यात भुकटी भिजत घालायची, म्हणजे निकेल भोकांत जाऊन बसतो. मग वाळवायचं, मग भट्टीत भाजायचं. जाड, मेणकट तेल त्यावरून सोडलं की तेलातले लांब आणि सरळ कण तेवढे भोकांत शिरतात. आत त्यांचे तुकडे पडतात, नाहीतर ते वाकडे होतात. बाहेर निघतं ते पातळ तेल. ज्यांना फांद्या फुटलेल्या असतात ते कण दारातच अडतात.

"म्हणजे सरळ आहे त्याला आत घ्यायचं आणि वाकडा करून बाहेर सोडायचं," मी म्हटलं. "त्याला भुकटी कशाला पाहिजे? गावच्या सोसायटीत असंच चालतं."

तो इतका हसला की चष्मा पडला. "बठ्ठं समजी गयं तुम्हले, अक्का! बठ्ठं!"

एकदा थंडीत माझी खोबरेल तेलाची बाटली थिजली. ती मी उन्हात ठेवायला निघाले तर यानं हातातून काढून घेतली आणि लहान पोराला खेळणं मिळावं तशी उलटीसुलटी करत पायरीवर बसला. मी केस मोकळे सोडून उभी.

"हेच ते, अक्का! डिझेलमधलं मेण असंच थिजतं. वर पहाडात गाड्या बंद पडतात. माझ्या भुकटीतून काढलेलं डिझेल थिजणार नाही."

"ते बरं आहे. माझं तेल दे."

दुसऱ्या दिवशी माझ्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन बाटल्या. एकीत साधं मेणकट डिझेल, दुसरीत भुकटीवरून गेलेलं. सकाळी बघितलं तर दोन्ही थिजून तूप झालेल्या. भदाणे फ्रिजच्या दाराला धरून म्हणाला, "परिणाम समाधानकारक नाही." शुद्ध बोलला म्हणून मी ओरडले नाही. पण आठवडाभर माझ्या दह्याला एसटी स्टँडचा वास येत होता. त्यानंतर बाटल्या येतच राहिल्या, थिजतच राहिल्या.

त्याचा जीव चांगला होता, हीच अडचण होती. माझा भाऊ रावेरकडून केळीचा घड पाठवतो. मी एकदा सहज बोलले की मेली सगळी केळी एकदम पिकतात, खाणार कोण. हा ऐकत होता. घरी सत्यनारायण होता. घड पोत्याखाली पिकायला ठेवलेला. पूजेच्या सकाळी पोतं उचललं तर केळी पोपटासारखी हिरवीगार, आणि फण्यांच्या मधे मधे कापडाच्या छोट्या पुड्या.

मी वर बघून हाक मारली. तो दात घासत खाली आला.

"पुड्या तुझ्या?"

"हो!" तो खूश. "पिकताना केळ्यातून एक वायू निघतो, त्यानं शेजारचं केळं पिकतं. ही भुकटी निकेलची नाही बरं का, पॅलेडियमची आहे, महाग असते. ती तो वायूच खाई टाकस! महिनाभर केळं पिकावं नही, अक्का!"

गुरुजी आले. त्यांनी चौरंगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अक्का, जळगावात राहून प्रसादाला पिकलं केळं नाही?" गल्लीतल्या सगळ्या बायका बसलेल्या. शेवटी स्टेशनसमोरच्या गाडीवरून केळी विकत आणली. बागायतदाराच्या बहिणीनं गाडीवरून केळी आणली, ही गोष्ट रावेरपर्यंत माझ्या आधी पोचली. भदाणे पूजेत मान खाली घालून बसला होता. तीर्थ घेताना म्हणाला, "मी दिलगीर आहे." पुढं किती दिवस आम्ही कच्च्या केळ्याची भाजी खाल्ली ते विचारू नका. त्यालाही खायला घातली. तो मुकाट्यानं खायचा.

मग तो उन्हाळा आला. रिफायनरीला नमुना द्यायची वेळ जवळ आली आणि शेडमधलं काड्या पाडायचं यंत्र मोडलं. भुकटी नुसती भुकटी म्हणून चालत नाही, तेल तिच्यातून पुढं सरकत नाही. मातीत मळून तिच्या बारीक काड्या पाडाव्या लागतात. यंत्राचा भाग गुजरातेतून यायचा होता. भदाणे माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अक्का, तुमच्याकडे सोऱ्या आहे?"

जुना पितळी सोऱ्या होता, तो दिला. "हा आता तुझा. माझ्या घरात खायचं काही यातून परत निघणार नाही."

यानं रबरी हातमोजे घालून हिरवा गोळा मळला आणि गच्चीवर टाकीच्या सावलीत प्लास्टिकच्या कागदावर शेव पाडली. भर उन्हात म्हणे ती तडकते. वर एक कागद ठेवला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'खाण्यासाठी नाही', आणि कागदावर दगड. निकेलचा जेवढा माल त्याच्याकडे होता तेवढा सगळा त्या गच्चीवर होता.

आता आमच्या गल्लीची पद्धत सांगते. गच्च्या एकमेकींना लागून आहेत आणि उन्हाळाभर सगळ्यांचं वाळवण, कुरडया, पापडासारखे ज्वारीचे बिबडे, वर असतं. वादळ आलं की जी घरी असेल तिनं सगळ्या गच्च्यांवरचं गोळा करायचं. कोणाचं काय ते मागाहून वाटून घेता येतं. भिजलेलं मात्र गुरांना जातं. आणि साबुदाण्याच्या चकल्या, शेवया आम्ही हिरव्या-गुलाबी रंगवतो. नातवंडांना आवडतात.

मी बोदवडला बारशाला गेले होते. भदाणे शेडवर होता. दुपारी वादळ आलं. परतले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. बघते तर भदाणे गच्चीवर गुडघे टेकून रंगाच्या ब्रशनं फरशीवरचे हिरवे कण गोळा करतोय. दगड जागेवर होता. कागद उडून गेला होता.

"अक्का, वाऱ्याने सर्व काही नेले," तो म्हणाला. शुद्ध.

"वाऱ्यानं कशाला नेईल? सुमननं नेलं असेल. ती वाऱ्यापेक्षा चपळ आहे."

सुमन माझी शेजारीण. हाताला उरक भारी, तोंडालाही. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तर तेलाचा वास दारापर्यंत आला होता. धुळ्याहून तिचा जावई आला होता. तो पाटावर बसलेला, पुढ्यात ताटली.

मला बघताच सुमन सुरू झाली. "अक्का, तुमच्या हिरव्या शेवया फुलूनच नाई राह्यल्या! तेल असं उसळलं असं उसळलं की मी मागं पळाली. अन् मग दगडावानी तळाशी बसल्या. साबुदाणा कुठला आणला होता तुम्ही?"

जावई सासुरवाडीला आलेला. काही वाढलं तरी नाव ठेवायचं नाही एवढं वळण त्याला होतं. एक काडी दाढेखाली धरून तो म्हणाला, "चांगल्या झाल्यात. जरा कडक आहेत."

"जावईबापू," भदाणे म्हणाला, "कृपया ते थुंकून टाकावे."

मग चुळा झाल्या, रिक्षा झाली, डॉक्टर झाला. डॉक्टरनं तपासलं, पोटात काही गेलं नाही म्हणाला. दाढेचा एक टवका तेवढा उडाला होता. सुमननं गल्ली डोक्यावर घेतली. "माझ्या जावयाले सिमेंट चारलं!"

"चारलं तूच," मी म्हटलं. "त्यानं नुसतं वाळत घातलं होतं."

भदाणे या सगळ्यात कढईसमोर उभा होता. झाऱ्यानं एक काडी वर काढली. काळी कुळकुळीत. "सुमनताई, आपण हे संपूर्ण तळले आहे का?"

"मग काय अर्धंमुर्धं तळू? जावई आला होता!"

 भदाणेनं गॅस बंद केला, कढई निवू दिली, तेलासकट स्कूटरवर पायांमधे ठेवली आणि निघाला. "माझी कढई!" सुमन कोपऱ्यापर्यंत मागं पळाली. कढई काही परत आली नाही.

दुसरा कोणी असता तर माल फेकून साक्रीला गेला असता. भदाणे म्हणाला, रिफायनरीतसुद्धा या काड्यांवर काजळी धरतेच, आणि गरम हवा सोडून ती जाळतातच. जळका तवा आपण विस्तवावर भाजून काढतो तसं. यानं तळलेल्या काड्या भट्टीत सावकाश भाजल्या. बरीच काजळी जळाली, थोडी वरवर राहिली. मग त्यांच्यावरून डिझेल सोडलं, आणि माझ्या फ्रिजमधे पुन्हा दोन बाटल्या आल्या.

सकाळी मी दूध काढायला फ्रिज उघडला तर हा आधीच जिन्यावर उभा. साधी बाटली तूप झालेली. दुसरी त्यानं हळूच कलंडवली. आतलं डिझेल खळकन हललं.

"अक्का! वाही ऱ्हायनं! पानीनागत वाही ऱ्हायनं!" बाटली छातीशी धरून तो माझ्या स्वयंपाकघरात नाचला. पन्नाशीचा माणूस, बनियनवर. मग एकदम थांबला. बाटलीकडे बघितलं. खाली बसला. म्हणाला, "हे कशामुळे झाले, ते मला ज्ञात नाही."

दोन दिवस विचार करून त्यानं मला सांगितलं. काड्यांच्या आत भोकं असतात तशी बाहेरही अंगाला काम करायची जागा असते. तिथं चाळणी नाही, त्यामुळे येईल त्या तेलाची नासाडी होते. ओट्यावर बसलेल्या टवाळ पोरांसारखं. तळल्यामुळे बाहेरच्या त्या जागांवर काजळी बसली आणि त्या बंद पडल्या. आता सगळं काम घराच्या आत, भोकांत. हा त्याचा अंदाज.

नमुना गेला. रिफायनरीवाले खूश झाले. पण त्यांनी कळवलं, आमचा माणूस येईल, त्याच्यासमोर हाच माल पुन्हा करून दाखवा. तसाच निघाला तर पिंपानं घेऊ.

आता तसाच म्हणजे सुमनसारखा. आणि सुमन याच्याशी बोलत नव्हती. हा नवी कढई घेऊन तिच्या दारात गेला. तिनं कढई ठेवून घेतली आणि म्हणाली, "तुमच्या कारखान्यात मले काय भज्याची गाडी लावायची आहे? आधी माझ्या जावयाची माफी मागा, त्याच्या तोंडावर." जावयाला धुळ्याहून बोलावलं. भदाणेनं त्याला टॉवेल-टोपी केली, वाकून नमस्कार केला. तो बिचारा म्हणाला, "अहो, दाढ आधीचीच हलत होती."

मग भदाणेनं विचारायला सुरुवात केली. मी तिथंच होते.

"तेल किती होतं?"

"तळायला लागतं तेवढं."

"किती तापलं होतं?"

"तापलं होतं तेवढं तापलं होतं."

"कोणतं तेल?"

"शेंगदाण्याचं."

"ताजं?"

सुमननं डोळ्याच्या कोपऱ्यातून बाजूला बघितलं.  शेजारी जावई बसलेला. मग पदर सावरून म्हणाली, "म्हणजे काय? ताजंच! आमच्या घरात ताजंच तेल असतं."

भदाणेनं नवा निकेल आणून काड्या पाडल्या, ताज्या तेलात तळल्या, भाजल्या, डिझेल सोडलं. बाटली थिजली. पुन्हा केलं, पुन्हा थिजली. रिफायनरीचा माणूस दोन दिवसांवर आला होता. भदाणे दिवसभर शुद्ध बोलत होता. चहा दिला तर म्हणाला, "आपला आभारी आहे." बायकोला फोनवर म्हणाला, "बहुधा मला नरडाण्यास परतावे लागेल." तेव्हा मलाही चहा गोड लागेना.

मला तेल कसलं ते माहीत नव्हतं, पण सुमन माहीत होती. मी त्याला एवढंच म्हटलं, "जावयासमोर कोणती सासू खरं सांगेल?"

 तो उठला. सुमनकडे गेला, जावयाच्या हातात स्कूटरची किल्ली दिली आणि म्हणाला, "जावईबापू, जरा जिलबी आणता का? ती स्टेशनजवळची. लांब आहे, पण चांगली असते." जावई गेला. यानं दार लोटलं आणि सुमनसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"सुमनताई, आता सांगा. मन्हा पोटावर पाय नका देऊ."

सुमननं दाराकडे बघितलं. आवाज इतका उतरवला की मलाही कान पुढं करावा लागला. "आधी ज्वारीचे बिबडे तळले होते त्यात. मग मिरचीची भजी. मग पुऱ्या. काळं पडलं होतं जरा. जावयाले सांगाल तर याद राखा."

"बिबडे, भजी, पुऱ्या," भदाणे म्हणाला. डोळे मिटून पुन्हा म्हणाला. मग उठून त्यानं तिला वाकून नमस्कारच केला. "वापरेल तेल! जाड व्हयेल तेल! त्यानीच काजळी धरी! माय, तुम्ही पहिलेच का नही सांगं?"

जिलबी आली तेव्हा सगळे अगदी सभ्य बसलेले. जावयानं पुसलं, "काही कळलं का?" सुमन म्हणाली, "कळलं. गॅस बारीक ठेवला होता मी."

रिफायनरीचा माणूस आला. तरुण, कडक इस्त्रीचा, डोक्यावर कारखान्यात घालतात ते पिवळं कडक टोपडं. आम्ही दोघीही शेडवर होतो, सुमन एकटी जायला तयार नव्हती म्हणून. त्याच्यासमोर सुमननं कढई ठेवली आणि बिबडे तळले. मग भजी. मग पुऱ्या. तो बघतोय. भदाणे त्याच्या शेजारी हात मागं बांधून उभा.

"हे काय आहे?" त्यानं शेवटी विचारलं.

"पूर्वप्रक्रिया," भदाणे म्हणाला.

त्यानं एक भजं उचललं. मग अजून एक. मिरचीनं नाकातून पाणी आलं तरी तिसरं घेतलं. "पूर्वप्रक्रिया चांगली आहे," तो म्हणाला. मग खाण्याचं सगळं लांब ठेवलं आणि त्या तेलात हिरव्या काड्या पडल्या. तेल उसळलं, सुमन मागं सरली, टोपडंवाला तिच्याही मागं. काड्या तळाशी बसल्या.

भट्टी झाली, डिझेल झालं. बाटल्या ठेवायला त्यांच्या शेडवर बर्फाची पेटी होती, पण भदाणेचा माझ्याच फ्रिजवर विश्वास. टोपडंवाला सकाळी माझ्या स्वयंपाकघरात बूट काढून उभा राहिला. मी फ्रिज उघडला. त्यानं स्वतः बाटली कलंडवली. खळकन हललं. त्यानं पुन्हा कलंडवली. भदाणेच्या तोंडून शब्द फुटेना, ना शुद्ध ना अहिराणी. तो ओट्याला धरून उभा होता.

"पिंपं कधी भरता?" टोपडंवाल्यानं विचारलं.

पिंपांसाठी शेठनं मोठं यंत्र आणलं. ते वापरलेल्या तेलाची वाफ देतं म्हणे, कढई लागत नाही. सुमनला याचा राग आला, अजून आहे. पिंपं भरायला पावसाळा उलटला. माल तिथल्या भट्टीत बसवताना जवळ पाहिजे म्हणून रिफायनरीनं भदाणेलाच बोलावलं, आणि मग ठेवूनच घेतलं. वरच्या खोलीत आता बँकेतली एक मुलगी राहते. तिनं येताच नळाचं विचारलं.

तो निघाला त्या सकाळी आम्ही दोघी शेडच्या फाटकाशी होतो. पिंपं ट्रकमधे उभी केलेली, वरून दोर. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पुढं बसा. भदाणे मागं चढला. धुळ्यावरून, मग साक्रीवरून जायचं होतं. बायको साक्रीला रस्त्यावर येऊन उभी राहणार होती, पण ट्रक थांबवायचा नाही असं यानं तिला आधीच सांगून ठेवलं होतं. "चालता चालता बघी ली," म्हणाला.

ट्रक फाटकातून निघाला. तो दोन पिंपांच्या मधे उभा, एकेका हातानं एकेक धरलेलं. मोठ्या रस्त्याला वळताना खड्डा आला, ट्रक हिंदकळला, आणि भदाणेनं एक हात उंच वर केला. सुमन दोन्ही हात हलवायला लागली, पदरानं डोळे पुसायला लागली. मी तिला सांगितलं, पुसू नको, तो आपल्याकडे बघतही नाहीये. तो ड्रायव्हरला सावकाश घे म्हणून ओरडत होता.